त्रिएस्ते : पाठीमागचा मुलूख हरवलेले बंदर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : व्हेनिसहून ल्युब्लियानाला जाताना वाटेत त्रिएस्तेला दोन रात्रींचा मुक्काम ठरवला आहे, हे शहर इटलीच्या फ्रिउली-व्हेनेझिया जुलिया या प्रदेशाची राजधानी असूनही जो तो 'ते इटलीसारखे वाटत नाही' असे का म्हणतो, आणि दोन दिवस घालवावेत इतके तिथे काय आहे? गेली वीस वर्षे मी मराठी मंडळींचे लहान गट घेऊन एड्रियाटिक समुद्राच्या या कोपऱ्यात जात आलो आहे. व्हेनिसहून आलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास हिरमुसतो, कारण त्याला इथे ना गोंडोला दिसतात ना रफाएलची चित्रे. मात्र शहर कसे घडले हे कळले की तोच माणूस दुसऱ्या दिवशी निघायला तयार नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या शहराविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही की त्रिएस्ते हे एका साम्राज्याने, म्हणजे व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग साम्राज्याने, आपल्या गरजेसाठी मुद्दाम घडवलेले बंदर आहे, आणि ज्या मुलखासाठी ते घडवले तो मुलूख १९१८ साली त्याच्या पाठीमागून निघून गेला. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बंदराचा पृष्ठप्रदेश म्हणतात तो त्रिएस्तेच्या बाबतीत व्हिएन्ना, ग्राझ, प्राग, बुडापेस्ट असा पसरलेला होता. आज नकाशा पाहिलात तर समुद्र आणि स्लोव्हेनियाची सरहद्द यांच्या बेचक्यात अडकलेली एक अरुंद पट्टी दिसेल. शहराच्या मध्यापासून सरहद्द दहा किलोमीटरवरही नाही.

रोमन काळात इथे तेर्गेस्ते नावाची वसाहत होती. तिची एक कमान आणि टेकडीच्या पायथ्याचे अर्धवर्तुळाकार नाट्यगृह आजही उभे आहे. टेकडीवरचे सान जुस्तोचे कॅथीड्रल शेजारशेजारच्या दोन जुन्या चर्चना चौदाव्या शतकात एकत्र जोडून तयार झाले, त्यामुळे आत गेल्यावर त्याची मांडणी थोडी वाकडी वाटते ती आपल्या डोळ्यांची चूक नव्हे. व्हेनिसच्या वर्चस्वाला कंटाळलेल्या या गावाने १३८२ साली आपण होऊन हाब्सबुर्ग घराण्याचा आश्रय घेतला. पुढची सव्वातीनशे वर्षे मीठ, मासे आणि थोडा द्राक्षमळा यांवर जगणारे हे काही हजार वस्तीचे गाव होते.

कलाटणी मिळाली ती १७१९ साली. सम्राट सहाव्या चार्ल्सने त्रिएस्तेला मुक्त बंदर जाहीर केले, म्हणजे मालावर जकात नाही आणि व्यापाऱ्याला धर्म विचारायचा नाही, असा साधारण व्यवहार सुरू झाला. त्याची मुलगी मारिया तेरेझा हिने पुढे तटाबाहेरची मिठागरे बुजवून तिथे सरळ रेषांचा, काटकोनी रस्त्यांचा नवा भाग वसवला. तो आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. इथली घरे नीट पाहावीत. तळमजल्याला गाडी आत जाईल एवढे दार, कारण खाली गोदाम. पहिल्या मजल्यावर पेढी. त्याच्या वर मालकाचे बिऱ्हाड. या भागाच्या मधोमध समुद्रातून आत घेतलेला 'कनाल ग्रांदे' आहे. नाव व्हेनिसच्या कालव्याचे असले तरी याची लांबी आपण बोलता बोलता चालून संपवू इतकीच; शिडाची जहाजे थेट गोदामाच्या दारात लागावीत म्हणून तो खणला होता. त्याच्या काठी उभे राहिले की सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथीयांचे निळ्या घुमटांचे सान स्पिरिदिओने दिसते, समोर कॅथलिकांचे सान्त'अंतोनियो, समुद्राकाठी ग्रीकांचे सान निकोलो, आणि दहा मिनिटांवर १९१२ साली उघडलेले भव्य सिनेगॉग. ग्रीक आणि सर्ब आधी एकाच चर्चमध्ये प्रार्थना करीत. प्रार्थनेच्या भाषेवरून बिनसले आणि ग्रीकांनी वेगळी चूल मांडली. सहिष्णुतेचे गोडवे गाताना हे भांडणही सांगावे असे मला वाटते, कारण ही माणसे एकमेकांवरच्या प्रेमापोटी इथे जमलेली नव्हती, धंद्यासाठी जमलेली होती, आणि धंद्यापुरते त्यांचे छान जमत होते.

एकोणिसाव्या शतकात या धंद्याला संस्थांचे रूप आले. १८३१ साली 'आस्सिकुराझिओनी जेनेराली' ही विमा कंपनी इथे स्थापन झाली. जहाज बुडण्याची भीती हाच तिचा पाया, आणि आज ती जगातल्या मोठ्या विमा कंपन्यांत गणली जाते. १८३३ साली 'ऑस्ट्रियन लॉइड' ही संस्था व्यापाऱ्यांना जहाजांच्या खबरा पुरवण्यासाठी निघाली आणि तीनच वर्षांत तिने स्वतःच्या आगबोटी चालवायला घेतल्या. १८५७ साली व्हिएन्नाहून आल्प्स ओलांडून येणारा लोहमार्ग त्रिएस्तेपर्यंत पोचला. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. त्या कालव्याच्या कंपनीचा एक उपाध्यक्ष पास्क्वाले रेव्होल्तेल्ला हा याच गावचा व्यापारी होता, आणि त्याची हवेली आता कलासंग्रहालय आहे. कालवा झाल्यावर लॉइडच्या बोटी मुंबईपर्यंत येऊ लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर कंपनीचे नाव 'लॉइड त्रिएस्तीनो' झाले. १९३१ च्या डिसेंबरात दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी ब्रिंदिसीला ज्या 'पिल्सना' बोटीवर चढले आणि मुंबईला उतरले, ती याच कंपनीची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या 'आशिया' आणि 'व्हिक्टोरिया' या तिच्या बोटींची नावे तर आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या, विलायतेला शिकायला गेलेल्या मंडळींच्या तोंडी अजून येतात. माझ्या एका गटात ऐंशी पार केलेले एक काका होते; समुद्राकाठच्या चौकात लॉइडच्या प्रासादासमोर त्यांना कंपनीचे नाव सांगितले तेव्हा ते एकदम म्हणाले, "अरे, म्हणजे मला घेऊन गेली ती यांची बोट!" आणि त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मला काही बोलावेच लागले नाही.

महाराष्ट्र आणि गोव्याशी त्रिएस्तेचा आणखी एक धागा आहे, तो जरा विचित्र. मुंबईच्या लष्करात नोकरी करताना मराठी शिकलेला, १८४७ साली आजारपणाच्या रजेवर गोव्यात जाऊन त्यावर पुस्तक लिहिणारा रिचर्ड बर्टन १८७२ पासून त्रिएस्तेत ब्रिटनचा वाणिज्यदूत होता. काम फारसे नव्हते, त्यामुळे अरबी सुरस कथांचे त्याचे गाजलेले भाषांतर याच काळात पुरे झाले. १८७६ साली तो पत्नीला घेऊन पुन्हा मुंबई-गोव्याकडे येऊन गेला आणि १८९० साली त्रिएस्तेतच वारला.

एवढ्या श्रीमंतीचे ओझे कोण वाहत होते, हेही पाहिले पाहिजे. गोदीत, रेल्वेत आणि घरकामाला मागच्या चुनखडीच्या पठारावरून स्लोव्हेन माणसे उतरत होती. १९१० च्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वादोन लाखांच्या पुढे गेली होती, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त, आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा स्लोव्हेन होता. ल्युब्लियानापेक्षा जास्त स्लोव्हेन त्या वेळी त्रिएस्तेत राहत होते. कारभाराची भाषा जर्मन. बाजाराची भाषा व्हेनिसच्या वळणाची त्रिएस्तीनो बोली, जी ग्रीक सावकार आणि झेक कारकूनही बोलत. सुशिक्षित इटालियन भाषकांत मात्र इटलीशी जोडले जाण्याची ओढ वाढत होती. १८८२ साली सम्राटाच्या हत्येचा कट केल्याबद्दल गुल्येल्मो ओबेरदान या तरुणाला इथे फाशी दिले. आज प्रादेशिक विधिमंडळ ज्या चौकात भरते त्याला त्याचेच नाव आहे. गंमत अशी की इटलीची मागणी करणारे हे व्यापारी ज्या पैशावर जगत होते तो व्हिएन्नाच्या साम्राज्याचा होता. काही शहाण्यांना हे कळतही होते.

सारायेव्होला मारल्या गेलेल्या युवराज फ्रांझ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांचे मृतदेह जुलै १९१४ मध्ये 'विरिबुस उनितिस' या युद्धनौकेवरून त्रिएस्तेत आणले गेले आणि शहराच्या रस्त्यांतून रेल्वे स्थानकापर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. ती नौकाही याच शहरात बांधलेली. चार वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९१८ रोजी, 'आउदाचे' ही इटालियन विनाशिका धक्क्याला लागली. म्हणून त्या धक्क्याला आज मोलो आउदाचे म्हणतात. त्याचे मूळ नाव सान कार्लो, कारण बंदरात बुडालेल्या त्या नावाच्या एका जहाजाच्या सांगाड्यावर तो बांधलेला आहे. संध्याकाळी सारे गाव तिथे फेरफटका मारायला येते; कठडा नाही, दुकाने नाहीत, नुसता दगडी रस्ता समुद्रात गेलेला.

त्रिएस्तेला इटली मिळाली आणि पृष्ठप्रदेश गेला. इटलीला जेनोआ आणि व्हेनिस आधीच होते. तिला आणखी एका मोठ्या बंदराची तशी गरज नव्हती. पुढची छत्तीस वर्षे या शहराने जे भोगले ते दोन परिच्छेदांत बसणारे नाही, पण प्रवाशाला काही जागा ठाऊक असाव्यात. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्ट जमावाने स्लोव्हेन समाजाचे सांस्कृतिक भवन, 'नारोद्नी डोम', जाळले. वास्तुशिल्पकार माक्स फाबियानी याने उभारलेली ती इमारत पुढे विद्यापीठाच्या वापरात गेली आणि बरोबर शंभर वर्षांनी, इटली व स्लोव्हेनियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत, ती स्लोव्हेन समाजाला परत देण्याचा करार झाला. मधल्या काळात स्लोव्हेन शाळा बंद झाल्या होत्या आणि आडनावे इटालियन करून घेतली गेली होती. सप्टेंबर १९३८ मध्ये मुसोलिनीने ज्यूविरोधी कायद्यांची घोषणा केली ती रोममध्ये नव्हे, त्रिएस्तेच्या मुख्य चौकात. त्याआधी मध्य युरोपातले हजारो ज्यू याच बंदरातून पॅलेस्टाइनला गेले होते. १९४३ नंतर नाझींनी सान साब्बा येथील भात सडण्याच्या जुन्या गिरणीत छळछावणी उघडली. इटलीच्या भूमीवर मृतदेह जाळण्याची भट्टी असलेली ही एकमेव छावणी. आता ते स्मारक आहे. दोन उंच काँक्रीटच्या भिंतींमधल्या बोळातून आत जावे लागते आणि बोलणारी माणसे तिथे आपोआप गप्प होतात.

१ मे १९४५ रोजी टिटोचे युगोस्लाव्ह सैन्य शहरात आले आणि चाळीस दिवस राहिले. त्या काळात अनेकांना उचलून नेण्यात आले, आणि पठारावरच्या खोल खड्ड्यांत, ज्यांना इथे 'फोइबे' म्हणतात, काही जणांचा शेवट झाला. १९४७ च्या शांतता तहाने 'त्रिएस्तेचा मुक्त प्रदेश' नावाचे एक कागदी राज्य निर्माण केले, ज्याचा अ विभाग इंग्रज-अमेरिकनांच्या आणि ब विभाग युगोस्लाव्हांच्या ताब्यात होता. १९५४ साली लंडनच्या समझोत्याने अ विभाग, म्हणजे शहर, इटलीकडे आला. सरहद्दीवर कायमची मोहोर उठली ती १९७५ च्या ओसिमो करारात. या सगळ्यात युगोस्लाव्हियाकडे गेलेल्या इस्त्रिया आणि दाल्मेशियातून दोन ते तीन लाख माणसे घरे सोडून इटलीत आली. जुन्या बंदरातल्या अठराव्या क्रमांकाच्या गोदामात त्यांनी 'नंतर नेऊ' म्हणून ठेवलेले सामान साठले होते. खुर्च्यांचे छताला टेकणारे ढीग, पाळणे, शिवणयंत्रे, कुलूप लावलेली कपाटे, घासलेल्या वह्या, आणि प्रत्येकावर कुटुंबाचे नाव लिहिलेली चिठ्ठी. फाळणीत सिंध सोडून कल्याणच्या छावणीत वाढलेल्या एक बाई माझ्यासोबत होत्या. त्या चिठ्ठ्या वाचत खूप वेळ उभ्या राहिल्या.

आता राजधानीपणाचा मुद्दा. इटलीच्या राज्यघटनेत फ्रिउली-व्हेनेझिया जुलिया हा विशेष दर्जाचा प्रदेश १९४८ पासून नमूद होता, पण त्रिएस्तेचाच निकाल लागलेला नसल्याने तो प्रत्यक्षात यायला १९६३ उजाडले. या जोडनावातली मधली आडवी रेघ फार बोलकी आहे. फ्रिउली म्हणजे उदीनेभोवतालचा शेतीप्रधान, कष्टाळू, स्वतःची फ्रिउलियन भाषा जपणारा मोठा मुलूख. व्हेनेझिया जुलियाचा इटलीकडे उरलेला तुकडा म्हणजे मुख्यतः त्रिएस्ते आणि गोरिझिया. प्रदेशाच्या अगदी टोकाला, कोपऱ्यात बसलेल्या शहराला राजधानी केले, त्यात सोयीपेक्षा राष्ट्रीय भावनेचा आणि नुकसानभरपाईचा भाग मोठा होता, असे माझे मत आहे. उदीनेच्या माणसाला वाटते, आम्ही राबतो आणि हे समुद्राकाठी ऊन खात बसतात. त्रिएस्तेच्या माणसाला वाटते, व्हिएन्नाशी बोलणारे आम्ही, आता उदीनेशी काय हुज्जत घालणार. ऊन खाण्याचा आरोप अगदीच खोटा नाही. मे ते सप्टेंबर बार्कोलाच्या काँक्रीटच्या पदपथावर सगळे गाव टॉवेल टाकून पडलेले असते, आणि शहराच्या मध्याजवळ 'पेदोचिन' नावाची एक सार्वजनिक स्नानाची चौपाटी आहे जिच्यात आजही भिंत घालून बायका आणि पुरुष वेगळे केलेले आहेत. ती भिंत पाडू नये, असे सर्वांत ठामपणे म्हणणाऱ्या बायकाच असतात.

स्वभावाचे म्हणाल तर तीन गोष्टी सांगतो. पहिली कॉफी. मुक्त बंदरामुळे कॉफीची पोती इथे जकातीविना हवा तेवढा काळ पडून राहू शकतात, आणि ही सवलत बंदराच्या हद्दीत अजून चालू आहे. १९३३ साली निघालेली 'इल्ली' ही कंपनीही इथलीच. पण काउंटरवर जाऊन इटलीत इतरत्र शिकलेले शब्द वापरू नयेत. साध्या एस्प्रेसोला इथे 'नेरो' म्हणतात. 'कापो' म्हणजे किंचित दूध घातलेली छोटी कॉफी, आणि तीच काचेच्या लहान पेल्यात हवी असेल तर 'कापो इन बी'. बी म्हणजे बिक्किएरे, पेला. इथे 'कापुचीनो' मागितला तर इतर इटलीपेक्षा लहान कप हाती येतो, आणि आमच्यातले कुणी ना कुणी 'अर्धाच दिला' म्हणून तक्रार करतेच. बसायला १९१४ चे काफे सान मार्को निवडा. आत पुस्तकांचे दुकान आहे आणि एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी हटकत नाही. १९०४ साली पोट भरण्यासाठी इंग्रजी शिकवायला आलेला आयरिश लेखक जेम्स जॉइस आणि त्याचा विद्यार्थी, रंगाच्या कारखान्याचा व्यवस्थापक एत्तोरे श्मिट्झ, जो इतालो स्व्हेव्हो या नावाने लिहीत असे, यांची मैत्री याच वातावरणातली.

दुसरी गोष्ट 'बोरा' हा वारा. हिवाळ्यात पठारावरून थंड हवा समुद्राकडे कोसळते तेव्हा झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. पूर्वी चढाच्या रस्त्यांवर माणसांना धरायला दोर बांधत. छत्री उघडू नका. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या पेट्यांत मोडक्या छत्र्यांचा खच दिसतो. तिसरी गोष्ट 'नो से पोल' हे वाक्य, म्हणजे 'नाही जमायचे'. कोणत्याही नव्या कल्पनेला गावाचे हे ठरलेले उत्तर आहे, असे ते स्वतःच सांगतात आणि हसतात.

तरीही या शहरात काही अशा गोष्टी जमल्या ज्या इतरत्र जमल्या नव्हत्या. १९६४ साली पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केले, जे आता मिरामारे भागात आहे. विकसनशील देशांतल्या तरुण वैज्ञानिकांना देश न सोडता जगाच्या बरोबरीने काम करता यावे हा त्यामागचा विचार, आणि भारतातूनही शेकडो संशोधक तिथे जाऊन आले आहेत. जनुकीय अभियांत्रिकीच्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय केंद्राची एक शाखा इथे आणि एक नवी दिल्लीत आहे. १९७१ साली फ्रांको बझालिया हा मानसोपचारतज्ज्ञ सान जोव्हान्नीच्या मनोरुग्णालयाचा संचालक झाला, तेव्हा आत सुमारे १,२०० माणसे कोंडलेली होती. १९७३ च्या फेब्रुवारीत रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून एक प्रचंड निळा घोडा तयार केला, त्याला धुण्याची गाडी ओढणाऱ्या खऱ्या घोड्याचे 'मार्को कावाल्लो' हे नाव दिले आणि तो शहरात मिरवला. घोडा दारातून मावेना, तेव्हा दार फोडून बाहेर काढला. १९७८ च्या कायद्याने इटलीभर असली रुग्णालये बंद करण्याचा मार्ग खुला झाला. तो परिसर आता सार्वजनिक उद्यान आहे.

दोन दिवसांची आखणी मी अशी करीन. पहिल्या सकाळी समुद्राकडे उघडा असलेला मुख्य चौक, कालवा, सान जुस्तोची टेकडी. दुपारी सान साब्बा. संध्याकाळी मोलो आउदाचे. दुसऱ्या सकाळी मिरामारेचा किल्ला, जिथून ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा भाऊ माक्सिमिलियान १८६४ साली मेक्सिकोचा सम्राट व्हायला निघाला आणि तीन वर्षांनी गोळ्या खाऊन मेला. दुपारी पठारावर एखाद्या 'ओस्मित्सा'मध्ये जेवा. १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने शेतकऱ्यांना घरचा माल वर्षातून आठ दिवस करमुक्त विकायची मुभा दिली. स्लोव्हेनमध्ये ओसेम म्हणजे आठ, त्यावरून हे नाव. रस्त्याच्या वळणावर हिरवी फांदी टांगलेली दिसली की आज तिथे चालू आहे असे समजावे. शाकाहारी मंडळींना चीज, पाव, लोणच्यातल्या भाज्या मिळतात. 'योता' हे घेवडा आणि आंबवलेल्या कोबीचे सार मागण्याआधी त्यात डुकराचे मांस आहे का ते विचारा, बहुधा असते.

पठारावर रस्त्याच्या पाट्या दोन भाषांत आहेत आणि शहराचे स्लोव्हेन नाव रोमन लिपीत चारच अक्षरांचे, एकाही स्वराशिवाय लिहिलेले दिसते. त्याचा उच्चार 'तर्स्त' असा आहे. आमच्या बसमध्ये मात्र ते दर वेळी 'त्रस्त' असेच वाचले जाते, आणि मी ते दुरुस्त करणे आता सोडून दिले आहे.